दारू सुटते केंद्रात, परत लागते गावाच्या वाटेवर

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहते, शाळेत विज्ञान शिकवते. माझा धाकटा भाऊ महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून ऐन कापूस वेचणीत घरी आला. हातांची थरथर थांबली होती, अंगावर जरा मांस चढलं होतं. आईनं भाकरतुकडा ओवाळून त्याला घरात घेतलं. 19 दिवस नीट गेले. विसाव्या दिवशी तो जिनिंगवर चुकारा आणायला गेला. परतीची वाट नाल्यावरून, आणि नाल्याकाठी हातभट्टी. मोहाच्या सडव्याचा वास पार रस्त्यापर्यंत येतो. रात्री त्याला दोघांनी धरून आणलं.

केंद्रात फोन केला तर ‘पुन्हा पैसे भरा, पुन्हा भरती करा’ एवढंच उत्तर मिळालं. गाव म्हणालं, ‘त्याले सोडाचीच नाही.’ रागाच्या भरात मीही तेच म्हणाले. त्याची मला आजही लाज वाटते, कारण नंतर मी उंदरांवरच्या प्रयोगांविषयी वाचलं.

पिंजऱ्यातला उंदीर दांडी दाबतो, त्याला नशेचं औषध मिळतं. औषध बंद केलं की हळूहळू तो दाबणं सोडतो. 2002 मध्ये क्रोम्बॅग आणि शाहम या संशोधकांनी ही सवय वेगळ्या पिंजऱ्यात मोडली आणि उंदरांना जुन्या पिंजऱ्यात परत सोडलं. ते पुन्हा दांडी दाबू लागले. पुढे दारूच्या बाबतीतही हेच दिसलं. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमचा नाला होता. त्याच्या आदल्या वर्षी, 2001 मध्ये, कोकेनच्या प्रयोगात आढळलं होतं की नशा थांबल्यावर तिची आठवण करून देणाऱ्या खुणांनी उठणारी तलफ पुढचे दोन महिने कमी न होता वाढत जाते. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, मान्य. पण आपण नेमकं महिनाभरानं माणसाला घरी पाठवतो आणि तिथेच हात झटकतो.

दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन ही गोळी आधी जनावरांवर तपासली गेली. 1992 मध्ये माणसांवरच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या आणि 1994 मध्ये अमेरिकेत ती दारूच्या व्यसनासाठी मंजूर झाली. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मिळत नाही. मुक्या जिवांना वेदना देऊन मिळवलेलं हे ज्ञान आमच्या गावापर्यंत पोचत नसेल, तर ते जीव कशासाठी घेतले?

वर्ध्यात 1974 पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून. बंदीला माझा विरोध नाही, पण बंदी म्हणजे उपचार नव्हे. केंद्रातून सुटी होताना रुग्णाच्या संमतीनं त्याचं नाव आमच्या आरोग्य केंद्राला कळवा. डॉक्टरांनी यकृत तपासून गोळी सुरू करावी. पहिले तीन महिने आशाताईंनी घरी जावं, आणि त्या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळावा. पुन्हा प्यायलेला माणूस दवाखान्यात आला, तर बीपी वाढलेल्या रुग्णाला बोलतात तसं त्याच्याशी बोलावं.

आणखी एक. 2018 च्या एका प्रयोगात उंदरांपुढे नशा आणि दुसऱ्या उंदराची सोबत असे दोन पर्याय ठेवले, तर बहुतेकांनी सोबत निवडली. व्यसन जडलेल्यांनीसुद्धा. म्हणून सांजेला, पिण्याच्याच वेळेला, समाजमंदिरात दारू सोडलेल्यांची बैठक भरवायला एक माणूस द्या.

भाऊ पुन्हा भरती आहे. महिनाअखेरीस त्याची सुटी होईल. त्याच नाल्यावरून तो घरी येईल. त्याआधी निदान ती गोळी आमच्याकडे पोचवा.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातली एक शिक्षिका