‘कोणत्याही उंचीसाठी’ म्हणून विकलेली खुर्ची बदलून मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

आपल्याकडून घेतलेल्या ऑफिसच्या खुर्चीच्या वर्णनात ‘कोणत्याही उंचीच्या व्यक्तीसाठी’ असे छापले आहे. ते खरे नाही. मापे देते, पडताळून पाहावीत.

खुर्ची पार खाली आणली तरी बैठक जमिनीपासून ४७ सेंमीवर राहते. टाचेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत माझा पाय ३८ सेंमी भरतो. त्यामुळे पाय लोंबकळतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते आणि पावलांना मुंग्या येतात. फोनवर मला पायांखाली पाट घेण्याचा सल्ला मिळाला. तोही घेतला. पाय टेकले, पण मुख्य दोष बैठकीच्या खोलीत, म्हणजे पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतच्या मापात आहे.

बैठक ५० सेंमी खोल आहे आणि मागेपुढे सरकत नाही. पाठ टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटे जागा राहायला हवी. माझी मांडी मागून खळगीपर्यंत ४४ सेंमीच आहे. म्हणजे पाठ टेकवली तर गुडघे नीट दुमडत नाहीत आणि गुडघे दुमडले तर पाठ टेकत नाही. मग पुढे सरकून बसावे लागते, कंबरेचा नैसर्गिक बाक जातो, पाठीला पोक येतो आणि स्क्रीनकडे बघताना मान पुढे येते. कंबरेच्या ज्या आधाराची आपण एवढी जाहिरात करता, तो माझ्या कंबरेला लागतच नाही! संध्याकाळपर्यंत कंबर आणि मान दोन्ही आखडतात. मी अधूनमधून उठून चालते, तरीही.

हातांचे आधारही उंच आहेत. त्यांवर कोपर ठेवले की खांदे वर चढतात.

‘हळूहळू सवय होईल’ हे आपल्या प्रतिनिधीचे उत्तर मला मुळीच मान्य नाही. दुखण्याची सवय का करून घ्यायची? माझ्यासारख्या कमी उंचीच्या कितीतरी बायका दिवसभर टेबलाशी बसून काम करतात. त्यांना खुर्ची घेण्याआधी खरी मापे कळलीच पाहिजेत.

तरी ४० सेंमीपर्यंत खाली येणारी आणि बैठकीची खोली कमी करता येणारी खुर्ची बदलून द्यावी. तशी नसेल तर ही खुर्ची स्वखर्चाने परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी. शिवाय बैठकीची किमान उंची आणि खोली जाहिरातीत ठळक छापावी.

बिलाची प्रत आणि मोजपट्टी लावून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

आपली,
एक ग्राहक