शनिवारच्या ड्युटीबद्दल, लेकीस

ठाणे,
रविवार सकाळ

प्रिय बाळ,

शालोम आणि अनेक आशीर्वाद.

काल रात्री हवदाला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळी सुरू होणारा आपला ज्यूंचा विसाव्याचा दिवस, शब्बाथ, संपवणारी प्रार्थना, आटोपून बसलो आणि तुझा फोन आला. तू म्हणालीस, "बाबा, शुक्रवारी दुपारनंतर इस्रायलमधलं हे अश्दोद शहर चिडीचूप होतं. बस बंद, दुकानं बंद, आणि मी वॉर्डात. इथे येऊन माझा शब्बाथ उलट हातचा गेला." तुझा आवाज भरून आला होता. मला तेव्हा धड बोलता आलं नाही, म्हणून आज सकाळीच लिहायला बसलो.

आधी हे ऐक. तू शब्बाथ मोडत नाहीस. त्या दिवशी करायची नाहीत अशी 39 कामं आपल्या शास्त्रींनी ठरवून दिली आहेत. विस्तव पेटवणं, विझवणं, शिजवणं, शिवणं, लिहिणं, सगळं त्यात येतं. पण माणसाच्या जिवाचा प्रश्न आला की हे सगळं बाजूला ठेवायचं, त्याला पिकुआख नेफेश म्हणतात. तालमूद या आपल्या धर्मग्रंथात म्हटलं आहे की त्या माणसासाठी एक शब्बाथ मोडा, म्हणजे तो पुढचे पुष्कळ शब्बाथ पाळेल. धोका आहे की नाही याची नुसती शंका असली तरी थांबायचं नाही. तेव्हा तू रात्री दोन वाजता कुणाचं सलाईन बदलतेस, रक्तदाब लिहून ठेवतेस, ते करताना मनात खंत धरू नकोस.

माझं तसं नव्हतं. ज्या कारखान्यात मी बावीस वर्षं हिशेब लिहिले तिथे शनिवार अर्धा दिवस असायचा. मी एकदा साहेबांकडे गेलो. शनिवारऐवजी रविवारी येतो, दोन तास जास्त बसतो, असं सांगितलं. त्यांनी कागद न वाचताच परत दिला. तुम्ही दोघं लहान होतात, घराचे हप्ते होते. मी जात राहिलो. माझ्या त्या खातेवहीने कुणाचा जीव वाचणार नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी आई दिवा लावायची आणि सकाळी मी सव्वासातची लोकल पकडायचो. टेंभी नाक्यावरून जाताना आपल्या मशिदीकडे, म्हणजे सिनेगॉगकडे, बघणं मी टाळत असे. हे तुला पूर्वी कधी सांगितलं नाही.

म्हणून मला माझ्या पणजोबांचं फार वाटतं. रेवदंड्याजवळ त्यांचा तेलाचा घाणा होता. हे मी आजोबांकडून इतक्या वेळा ऐकलंय की डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. शुक्रवारी ऊन कलायला लागलं की पणजोबा बैलाच्या डोळ्यांवरची झापडं काढायचे, जू उतरवायचे, मानेला तेल चोळायचे आणि मग स्वतः आंघोळीला जायचे. दहा आज्ञांमध्ये गुराढोरांनाही विसावा सांगितलाय, तो त्यांनी अक्षरशः पाळला. गिऱ्हाईक दाराशी उभं असलं तरी शनिवारी घाणा फिरायचा नाही. हिंदू तेल्यांचा घाणा सोमवारी बंद म्हणून ते सोमवार तेली, आणि आपण शनिवार तेली. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले असं आपण सांगतो. पोथ्या बुडाल्या, हिब्रू विसरलं, राहिली ती श्मा ही प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि हा शनिवार. कोकणात आपल्यासाठी कुणी बस बंद ठेवत नव्हतं, बाळ. ज्याने त्याने आपापल्या दारापुरता पाळला.

तू तेवढंच कर. ड्युटी असेल त्या शुक्रवारी सूर्यास्ताआधी, निघण्यापूर्वी, खोलीवर दिवा लाव. वॉर्डात ज्योत पेटवता येत नाही, आणि तशा ठिकाणी विजेचा दिवा लावून आशीर्वाद म्हणायला बऱ्याच रब्बींची, आपल्या धर्मगुरूंची, मोकळीक आहे. तिथल्याच कुणाला विचारून घे. कामाच्या आठ तासांपलीकडचे तास मात्र शब्बाथचेच आहेत. ते मोबाइल बघण्यात घालवू नकोस. बाजार, धुणं, पैशांचे व्यवहार शुक्रवारी दुपारपर्यंत उरक. शनिवारी झोप, चाल, पराशा, म्हणजे तोराचा त्या आठवड्याचा भाग, वाच, आपल्या कोकणी मंडळींपैकी कुणाकडे पायी जाऊन जेव. अश्दोदमध्ये आपली माणसं भरपूर आहेत, एकटी राहू नकोस.

इथे काल मशिदीत मिन्यानचे, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमेपर्यंत बराच वेळ गेला. वयस्कर मंडळी लांबून रिक्षाने येतात. चालत यायला हवं हे त्यांनाही ठाऊक आहे, पण त्यांना बोल लावायला माझी जीभ उचलत नाही. प्रार्थना झाल्यावर एकमेकांच्या हाताला हात लावून बोटं ओठांशी नेली, तेव्हा शेजारच्या काकांनी पहिलं काय विचारलं असेल तर "लेक कशी आहे?"

शुक्रवारी आईने तुझ्या आवडीचं नारळाच्या दुधातलं पापलेटाचं कालवण केलं होतं. दोन पाव पांढऱ्या फडक्याखाली ठेवले, रानात देवाने पूर्वजांना दिलेलं अन्न, मान्ना, शुक्रवारी दुप्पट मिळायचं त्याची आठवण म्हणून. जेवणाआधी तुझ्या डोक्यावर हात ठेवायची सवय अजून जात नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, परमेश्वर तुला सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांच्यासारखी करो. पुढच्या शुक्रवारी दिवा लावण्याआधी फोन कर, तुझ्या कानांवर घालीन. आमच्याकडे अंधारतं तेव्हा तुझ्याकडे ऊन असतं, तेव्हा वेळ आमच्या घड्याळाने धर.

टपालाने अर्धा किलो काळ्या मनुका पाठवतोय. तिथे द्राक्षाची वाइन हव्या त्या दुकानात मिळते हे मला माहीत आहे, पण आई म्हणते, किद्दुशचं, शब्बाथचा आशीर्वाद म्हणून प्यायचं, सरबत घरचंच हवं. सकाळी धुऊन कोमट पाण्यात भिजत टाक. चार-पाच तासांनी हाताने चांगल्या कुस्कर, मिक्सर लावू नकोस, बियांचा कडूपणा उतरतो. मग मलमलीच्या फडक्यातून पिळून घे. फडकं आईने पुडीतच घातलंय.

तुझे,
बाबा