आपले परीक्षा पोर्टल स्क्रीन रीडरवर चालत नाही, याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
महाविद्यालयांना अध्यापन व परीक्षा पोर्टल पुरवणारी कंपनी

विषय: दृष्टिहीन विद्यार्थ्यांना आपले पोर्टल स्वतंत्रपणे वापरता येत नसल्याबाबत.

महोदय / महोदया,

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र घेऊन शिकते. जन्मापासून मला दिसत नाही. आमच्या महाविद्यालयाने हजेरी, नोट्स, असाइनमेंट आणि अंतर्गत परीक्षा हे सगळे आता आपल्या पोर्टलवर नेले आहे. प्रवेशाच्या पावतीत 'डिजिटल सेवा शुल्क' अशी वेगळी नोंद आहे आणि ते शुल्क मी इतर विद्यार्थ्यांइतकेच भरले आहे. ॲपमधल्या ई-ग्रंथालयाची वर्गणी तर थेट आपल्या कंपनीच्या खात्यावर भरली. हे आधीच सांगते, कारण आपल्या मदत केंद्राने मला 'आमचा ग्राहक महाविद्यालय आहे, तिथे बोला' असे कळवले होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवा वापरणारी व्यक्तीही ग्राहकच असते. माझ्या बाबतीत तर पैसेही मीच भरले आहेत.

मी संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरते. पडद्यावरचा मजकूर तो वाचून दाखवतो आणि मी कीबोर्डवरून काम करते. माउसचा मला उपयोग नाही. हे सॉफ्टवेअर मोफत आहे. मायकल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली त्याचे काम सुरू केले आणि आज ते मराठीही वाचते. आपल्या तांत्रिक विभागातला कोणीही ते उतरवून घेऊ शकतो, डोळे मिटून आपलेच पोर्टल उघडून बघू शकतो. हे एकदा तरी कोणी करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता गेल्या सत्रातल्या अंतर्गत चाचणीत काय झाले ते सांगते. प्रश्नपत्रिका उघडली. टॅब दाबत गेले तसे ऐकू आले, 'बटण, बटण, बटण'. कोणते बटण पुढच्या प्रश्नाचे, कोणते मागे नेणारे आणि कोणते पेपर जमा करणारे, काही कळत नाही, कारण आपण त्या बटणांवर फक्त चित्रे काढली आहेत, नावे दिलेली नाहीत. चुकीचे बटण दाबले तर पेपरच जमा होईल, या धास्तीने मी बराच वेळ एन्टर दाबलाच नाही. उत्तराचे चार पर्याय वाचले जात होते, पण कीबोर्डने निवडता येत नव्हते. निवडले गेले की नाही तेही कळत नव्हते.

सगळ्यात जास्त त्रास घड्याळाने दिला. वरच्या कोपऱ्यात चालणारी उरलेली वेळ दर सेकंदाला स्क्रीन रीडरला मोठ्याने बोलायला लावते. प्रश्नाचे दोन शब्द ऐकू येतात न येतात तोच 'उरलेला वेळ एकोणपन्नास मिनिटे बारा सेकंद', लगेच 'अकरा सेकंद'. घटनादुरुस्तीच्या प्रक्रियेवरचा प्रश्न होता. मला त्याचे उत्तर पाठ होते, पण प्रश्न सलग एकदाही ऐकता आला नाही. ही घोषणा बंद करणे किंवा फक्त शेवटच्या काही मिनिटांत ठेवणे, हे संगणक शिकणाऱ्या माझ्या वर्गमित्रांच्या मते कोडमधल्या एखाद-दुसऱ्या ओळीचे काम आहे.

त्यात कॅमेरा. माझे डोळे स्थिर राहत नाहीत, ते सतत हलतात. हा माझ्या आजाराचाच भाग आहे. आपली प्रॉक्टरिंग व्यवस्था, म्हणजे कॅमेरा व माइकवरून परीक्षेवर पाळत ठेवणारी यंत्रणा, मला वारंवार इशारा देत होती की नजर पडद्यावर ठेवा, अन्यथा परीक्षा रद्द होईल. इअरफोन लावायला मनाई आहे. म्हणून स्पीकर चालू ठेवला, तर स्क्रीन रीडरच्या आवाजावरून 'खोलीत दुसरी व्यक्ती बोलत आहे' अशी नोंद झाली. मी कॉपी करत होते असा संशय माझ्या नावापुढे लागला आणि तो काढून टाकण्यासाठी मला दिव्यांग प्रमाणपत्र घेऊन विभागप्रमुखांपुढे उभे राहावे लागले. मी आयुष्यात कधी कॉपी केलेली नाही. हा अपमान मी विसरू शकत नाही आणि त्याची जबाबदारी आपल्या कंपनीची आहे असे मी स्पष्टपणे लिहिते.

दिव्यांग विद्यार्थ्याला लेखी परीक्षेत ताशी किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ते आहे आणि विद्यापीठाच्या परीक्षेत मला तो वेळ विनातक्रार मिळतो. आपल्या पोर्टलवर मात्र साठावे मिनिट संपले आणि पेपर आपोआप बंद झाला. प्राध्यापक म्हणाले, 'एका विद्यार्थिनीसाठी वेळ वाढवायची सोयच यात नाही.' आपले मदत केंद्र म्हणाले, 'सोय आहे, महाविद्यालयाने ती चालू करायला हवी होती.' मी दोघांच्या मध्ये उभी राहिले आणि गुण माझे गेले. सोय असेल तर ती कुठे आहे हे परीक्षा लावणाऱ्या प्राध्यापकांना पहिल्याच पानावर दिसले पाहिजे. त्यांना कोणी प्रशिक्षण दिले नसेल तर दोष त्यांच्या माथी मारू नका.

नोट्सचे हालही सांगण्यासारखे आहेत. बऱ्याच फाइल म्हणजे वहीच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो, काही आडवेसुद्धा. स्क्रीन रीडरला ते पान कोरेच असते. काही नोट्स युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला खरी मराठी अक्षरे कळतात अशा पद्धतीत, नसतात; त्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना ते स्वच्छ मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असल्यामुळे मला नुसता गोंगाट ऐकू येतो. मराठी माध्यमाच्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला ही अडचण रोजची आहे आणि इंग्रजी माध्यमातल्यांना तिची कल्पनाही नसते. या फाइल प्राध्यापक चढवतात हे मला माहीत आहे. पण फाइल चढवतानाच 'ही युनिकोडमध्ये नाही' किंवा 'यात वाचता येणारा मजकूर नाही' अशी सूचना आपले पोर्टल देऊ शकते. आमच्या सरांना तसे कळले तर ते दुसरी फाइल आनंदाने देतील. सांगितले तेव्हा त्यांनी दिलीही आहे. ई-ग्रंथालयातली पुस्तके तर चोरी होऊ नये म्हणून आपण चित्ररूपातच दाखवता, म्हणजे वर्गणी भरूनही मला एक ओळ वाचता येत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तक वाचनसुलभ स्वरूपात देण्याला मोकळीक दिली आहे. तेव्हा कॉपीराइटचे कारण इथे चालणार नाही.

या सगळ्यावर आपल्या मदत केंद्राचे लेखी उत्तर असे आले: 'ही सुविधा सध्या उपलब्ध नाही. कृपया डोळस व्यक्तीची मदत घ्यावी.' हे वाक्य मला सर्वांत जास्त लागले. म्हणजे माझ्या धाकट्या भावाने माझ्या खात्यात शिरायचे, माझे गुण बघायचे, माझ्या उत्तरांवर त्याने खूण करायची. आपल्याच अटींमध्ये लिहिले आहे की पासवर्ड कोणालाही देऊ नये. मी दहावी-बारावी लेखनिक घेऊन दिली, तेव्हा दुसरा इलाज नव्हता. कॉलेजात येताना मी संगणक शिकले तो याच्याचसाठी, की निदान इथे तरी कोणाची वाट न बघता माझे उत्तर मी लिहीन. ब्रेल आणि ध्वनिफितींच्या काळातल्या आमच्या ताईदादांना जे मिळाले नाही ते तंत्रज्ञानाने माझ्या हातात आणून ठेवले होते. आपल्या पोर्टलने ते काढून घेतले.

ही मेहरबानीची मागणी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४६ प्रमाणे सरकारी असो वा खाजगी, सेवा देणाऱ्या प्रत्येकाने सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांनाही सेवा वापरता यावी यासाठीचे, नियम लागू झाल्यापासून दोन वर्षांत सेवा त्याप्रमाणे करायची होती. ते नियम जून २०१७ चे आहेत. संकेतस्थळे आणि ॲपसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीपुरते ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भाग मानला गेला. ते प्रकरण आपण मुद्दाम वाचावे. अर्जदार प्रज्ञा प्रसून ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आहेत. बँकेच्या डिजिटल पडताळणीत कॅमेऱ्यासमोर पापणी मिटा-उघडा असे सांगितले गेले आणि त्यांना ते शक्य नव्हते. माझ्या हलणाऱ्या डोळ्यांवर आपला कॅमेरा जो संशय घेतो, त्यात आणि यात मला काहीच फरक दिसत नाही.

माझ्या वर्गात कमी ऐकू येणारी एक मैत्रीण आहे, तिला आपल्या व्हिडिओ व्याख्यानांना उपशीर्षके मिळत नाहीत. तिची तक्रार ती स्वतंत्रपणे पाठवत आहे.

माझ्या मागण्या अशा. पुढच्या अंतर्गत चाचणीआधी परीक्षेच्या पानावरील सर्व बटणांना नावे द्यावीत, पर्याय कीबोर्डने निवडता यावेत आणि घड्याळाची घोषणा थांबवता यावी. दिव्यांग विद्यार्थ्यांचा जादा वेळ एकदा नोंदवला की प्रत्येक परीक्षेला आपोआप लागू व्हावा. नजर आणि आवाज यांवरून येणारे इशारे आमच्यासाठी बंद करावेत. हवे तर वर्गात पर्यवेक्षक बसवा, माझी हरकत नाही. ई-ग्रंथालयातली पुस्तके वाचता येतील अशा स्वरूपात द्यावीत. जमत नसेल तर वर्गणी परत करावी. माझ्या नावापुढची संशयाची नोंद कायमची काढल्याचे मला लेखी कळवावे. आणि दुरुस्ती झाली की ती तपासायला दृष्टिहीन वापरकर्त्यांना मोबदला देऊन बोलवा. मी यायला तयार आहे.

या पत्राची प्रत महाविद्यालयाच्या प्राचार्यांना दिली आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे रीतसर तक्रार दाखल करीन. उत्तर ईमेलनेच आणि मजकूर स्वरूपात पाठवावे. सही केलेल्या पत्राचा स्कॅन किंवा फोटो पाठवल्यास मला तो वाचता येणार नाही.

आपली,
एक ग्राहक व विद्यार्थिनी
(नाव, नोंदणी क्रमांक व ईमेल सोबतच्या अर्जात)

सोबत: शुल्क व वर्गणीच्या पावत्या, दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत, मदत केंद्राचे लेखी उत्तर आणि आपल्या सराव चाचणीच्या पानावर स्क्रीन रीडर काय बोलतो त्याचे ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रण पूर्ण ऐकावे.