बाई, तुम्ही दिलेली पाच पोस्टकार्डं

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

दसऱ्याच्या आधी आपल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची बैठक झाली. मी ग्रामपंचायतीत संगणकावर काम करतो, म्हणून गावानं मलाही समितीत घेतलंय. शाळा सुधारायला काय काय करावं, असा विषय निघाला. कुणी मोठा टीव्ही म्हणालं, कुणी भिंतीला कंपाउंड, कुणी पहिलीपासून सेमी इंग्रजी. त्यातलं काही नको असं नाही. पण माझी पाळी आली तेव्हा मी जे जे बोललो ते सगळं तुमचं होतं. घरी येताना वाटलं, इतकी वर्षं झाली, बाईंना एकदाही नीट सांगितलं नाही. म्हणून हे पत्र.

मी चौथीत होतो आणि मला वाचता येत नव्हतं. दिवाळी झाली की माय-बा कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्याला निघायचे, मागं ठेवायला घरात कुणी नाही, म्हणून टायरगाडीत मीही. गुढीपाडव्याच्या पुढं-मागं परत यायचो तोवर वर्ष सरलेलं असायचं. पहिली, दुसरी, तिसरी अशीच गेली. पटावर नाव होतं, वर्गात मी नव्हतो.

तुमची बदली होऊन तुम्ही आलात त्या पावसाळ्यातली एक दुपार मला जशीच्या तशी आठवते. पुस्तक मिटून तुम्ही माझ्याजवळ खाली बसलात आणि विचारलंत, "तुमच्या कोपीत काय काय असतं रे?" कोपी म्हणजे ऊसतोडीच्या जागी आमची राहायची झोपडी. मी सांगत गेलो, तुम्ही शहाबादी फरशीवर खडूनं लिहीत गेलात. कोयता. मोळी. वाढं. चूल. मला त्यावरून बोट फिरवायला लावलंत. कोयत्याच्या 'को'ला आणि मोळीच्या 'मो'ला तोच काना आणि तीच मात्रा आहे, हे माझं मीच ओळखलं. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त खडू माझ्या हातात दिलात. 'वाढं' हा शब्द आमच्या पुस्तकात नव्हता. उसाचे शेंडे आम्ही बैलांना घालायचो, विकायचो, त्याला वाढं म्हणतात हे मला पक्कं माहीत होतं, आणि माझ्या घरातला शब्द लिहिताही येतो हे मला त्या दिवशी कळलं.

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा झाल्यावर तुम्ही आम्हाला हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेची गोष्ट सांगितली होती. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत, शिक्षणावरही तिचाच पगडा, आणि स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळेत मास्तर होते. मुक्तिसंग्रामाचा एवढा मोठा पुढारी आधी शिक्षक होता, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं. लेकराला त्याच्या भाषेतून शिकवायचं हे आपल्या मराठवाड्यात फुकट मिळालेलं नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. तुम्ही आमची 'लय' आणि 'व्हय' कधीच खोडली नाहीत.

खिचडी झाल्यावरचा एक तास तुम्ही इयत्ता मोडायचात. अक्षरवाले एका कोपऱ्यात, शब्दवाले दुसऱ्या, गोष्टवाले पडवीत. पाचवीतला पोरगा तिसरीतल्या पोरीशेजारी बसायचा. महिन्यानं तुम्ही प्रत्येकाला जवळ बसवून चार ओळी वाचून घ्यायचात आणि जागा बदलायचात. बैठकीत मी हेच पहिलं मागितलं. कोण कोणत्या वर्गात आहे याच्याआधी कुणाला काय येतं हे मास्तरला ठाऊक पाहिजे. त्याला पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि तो वेळच माहिती भरण्यात जातो. शिक्षण हक्क कायद्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरी कामं देऊ नयेत असं लिहिलंय, तरी शाळेकडून दर आठवड्याला किती तक्ते मागवले जातात हे मी माझ्या खुर्चीतून बघतो.

गणित तुम्ही आमच्याच धंद्यातून काढलंत. पंधरा किलोची एक मोळी, तर टनाला किती मोळ्या? हिशोब करून आम्ही सहासष्टवर थांबलो, तर तुम्ही विचारलंत, "मग उरलेले दहा किलो कुणाचे?" त्याच हंगामात मी बाच्या वजन पावत्या घेऊन बसलो आणि मुकादमानं सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहिलं. तीन टन कमी निघाले. मी परत परत बेरीज केली. बा काही बोलला नाही. पावत्या रुमालात बांधल्या आणि गेला. तीन टन जमा झाले. माय त्या रात्री म्हणाली, "आता ह्या लेकराची शाळा बुडू द्यायची न्हाई."

आम्ही निघालो तेव्हा तुम्ही कारखान्याजवळच्या शाळेसाठी चिठ्ठी दिली होती. "याला हातच्याची बेरीज येते, जोडाक्षरं येत नाहीत, मागं बसवू नये." तिथं दाखला नाही म्हणून मला घेतलं नाही. पुढं १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा आला. स्थलांतरित लेकरांना प्रवेश द्यायलाच पाहिजे, दाखल्यासाठी अडवायचं नाही. पण प्रवेश मिळाला तरी नव्या गावातल्या मास्तरला त्या लेकराचं काहीच ठाऊक नसतं. तुमच्या चिठ्ठीसारखी चिठ्ठी प्रत्येकाबरोबर जावी, हे मी दुसरं मागितलं. तिसरं हंगामी वसतिगृहाचं, माय-बा तोडीला गेले तरी लेकरं गावातच राहावीत म्हणून असतं ते. ते गाड्या गावातून हलायच्या आधी उघडलं पाहिजे. गाडी गेल्यावर उघडून कुणासाठी? आणि समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असा नियम आहे, त्यातले निम्मे दिवाळीनंतर उसाच्या फडात असतात. म्हणून महत्त्वाच्या बैठका दसऱ्याच्या आत घ्यायचं ठरलं.

चिठ्ठीबरोबर तुम्ही पाच पोस्टकार्डंही दिली होतीत, तुमचा पत्ता आधीच लिहिलेली. "पंधरा दिवसाला एक टाक. चुकलं तरी चालेल, पण थांबू नको." पाचही टाकली. पाडव्याला परत आलो तर तुम्ही ती पेन्सिलीनं तपासून ठेवली होती. ती पाचही माझ्या कपाटात आहेत.

यंदा गावातली अकरा लेकरं फडात गेली. अकराही दप्तरांत चिठ्ठी आणि पाच पोस्टकार्डं आहेत, पत्ता शाळेचा. मास्तरांनी तपासायचं काम माझ्याकडंही वाटून दिलंय. पहिलं कार्ड तिसरीतल्या पोरीचं आलं. "सर मी बरी आहे. इथं थंडि लय आहे." थंडीची वेलांटी मी पेन्सिलीनं दुरुस्त केली. 'लय' तसंच ठेवलं.

तुमचा विद्यार्थी