मोबाईल डब्यात टाकून काम होत नसतं

मा. संपादक महोदय,

ऑफिसात येणाऱ्या माणसांचे मोबाईल दारातच काढून घ्या, मगच कामं होतील, असं एका वाचकाचं पत्र तुमच्या अंकात वाचलं आणि हसू आलं, कारण हा उद्योग मी स्वतः करून बसलोय. फोंड्यात माझं अकाउंट्स आणि जीएसटीचं छोटं ऑफिस आहे, मला धरून नऊ माणसं. दोन वर्षांपूर्वी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आणून दारापाशी स्टुलावर ठेवला, आल्यावर मोबाईल त्यात टाकायचा, जेवायला जाताना काढायचा. तिसऱ्या दिवशी डबा उचलावा लागला. रिटर्न भरायला ओटीपी लागतो, तो क्लायंटच्या मोबाईलवर येतो, क्लायंट तो आमच्या पोरांना व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि पोरांचे मोबाईल डब्यात! दर दहा मिनिटांनी कोणीतरी उठून डब्यात हात घालतंय, पत्र्यावर नऊ फोन थरथरतायत, तो आवाज अजून कानात आहे.

मग दुसरी अक्कल सुचली, राऊटरवरून फेसबुक, यूट्यूब, इन्स्टा सगळं ब्लॉक केलं. आठवड्याने मलाच टॅलीत, म्हणजे आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक गोष्ट अडली, ती दाखवणारा व्हिडिओ यूट्यूबवर, आणि मी माझ्याच ऑफिसात माझ्या मोबाईलच्या डेटावर बघत बसलो. पोरं तर पहिल्या दिवसापासून तेच करत होती. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं तेव्हापासून ऑफिसचं इंटरनेट बंद करून माणसाचं इंटरनेट बंद होत नाही, ही साधी गोष्ट आम्हा मालक लोकांच्या डोक्यात शिरायला फार वर्षं लागतात.

आणि वेळ वाया जातो म्हणता, तर महिन्याच्या २० तारखेला माझ्याकडे या. जीएसटीचं ३बी हे महिन्याचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, पोर्टलवर ते चक्र गोल गोल फिरतंय, फिरतंय, मग लॉगआऊट, परत कॅप्चा. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, म्हणून उठून जाताही येत नाही. अशा वेळी स्क्रीनसमोर बसलेल्या मुलीने मोबाईलवर चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, साड्या बघितल्या तर माझं काय गेलं? उलट आमच्याकडे एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, मोबाईलला कामाशिवाय हात लावत नाहीत, पण सकाळी साडेदहापर्यंत पेपर वाचतात, पहिल्या पानापासून निधन वार्तेपर्यंत. तुमचाच पेपर. त्यांना मी आजवर एका शब्दाने बोललेलो नाही आणि तुमचे ते वाचकही बोलणार नाहीत, कारण पेपर वाचणं म्हणजे चांगली सवय! गोव्यात दुपारी एक ते साडेतीन अर्धा बाजार शटर ओढून झोपतो, त्याचाही हिशेब कोणी मागत नाही, पण मुलगी मोबाईलमध्ये बघताना दिसली की लगेच आपल्याला आठ तासांचा पगार आठवतो.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडची एक बाई सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरून येते, दोन बस बदलून. ती रोज सकाळी आली की पहिली दहा-पंधरा मिनिटं मोबाईल घेऊन खिडकीशी उभी राहायची, ऑफिसचं वायफाय लावून. मी चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी जरा चढ्या आवाजात विचारलं. ती कोकणीत म्हणाली, "सर, घरा रेंजच ना," म्हणजे घरी रेंजच नाही. मुलाच्या शाळेने ग्रुपवर टाकलेलं पीडीएफ, घरचं लाईट बिल, सासूच्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातल्या तपासणीचे फोटो, सगळं तिला इथे आल्यावर उघडायचं असतं, कारण घरी यातलं काहीच उघडत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सांगे-सत्तरीतली पोरं ऑनलाईन वर्गासाठी डोंगर चढत होती, तेव्हा आपण सगळ्यांनी पेपरात फोटो बघून हळहळ केली. त्याच घरातली माणसं पणजी-फोंड्याला नोकरीला येतात हे मात्र आपण विसरतो. सरकारी दाखला ऑनलाईन, बँक ऑनलाईन, आणि अडलं तर विचारायला ऑफिसं उघडी कधी, तर आपलं ऑफिस उघडं असतं तेव्हाच. मला त्या दिवशी लाज वाटली, खरं सांगतो.

म्हणजे सगळं आलबेल आहे असंही नाही. खरा फटका मला बसला तो वेळेचा नव्हे. एका पोराला मावसभावाच्या पासपोर्टसाठी चार पीडीएफ जोडून एक करायची होती, त्याने कुठूनतरी फुकटचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टॅलीचा डेटा उघडेना, सगळ्या फाईलींच्या नावापुढे भलतीच अक्षरं, आणि स्क्रीनवर इंग्रजीत चिठ्ठी की पैसे भरा. बॅकअप सोळा दिवसांपूर्वीचा. सोळा दिवसांची बिलं आम्ही तीन रात्री बसून परत घातली, भजी-पाव खाऊन. त्या पोराला काढून टाका असं चार जणांनी सुचवलं. पण त्याला बोलायला तोंड कुठे होतं मला, आमच्याच कॉम्प्युटरवरचं एमएस ऑफिस विकणाऱ्याने 'फुकट घालून देतो' म्हणून घातलेलं होतं आणि मी खुशीने घेतलं होतं!

त्यानंतर एक विक्रेता आला, म्हणे सर, हे सॉफ्टवेअर घाला, कोणाला कळणार नाही, दर पाच मिनिटांनी प्रत्येकाच्या स्क्रीनचा फोटो तुमच्या मोबाईलवर. डेमो दाखवला. क्षणभर मोह झाला हो, खोटं कशाला बोलू. पण त्या फोटोत कोणाचा बँक बॅलन्स येणार, कोणाचा डॉक्टरचा रिपोर्ट येणार, ते मी कशाला बघू आणि उद्या ते माझ्या मोबाईलमधून बाहेर गेलं तर जबाबदार कोण? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. तो निकाल सरकारच्या संदर्भात होता हे मान्य, माझ्यासारख्या मालकावर तो तसाच्या तसा लागतो असं मी म्हणत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर मालकाला आपलं नुकसान टाळायला कामगाराची माहिती वापरायची मुभाही आहे. पण नुकसान टाळणं वेगळं आणि चोरून बघणं वेगळं. विक्रेत्याला चहा पाजून वाटेला लावला.

आता आमच्याकडे वायफाय दोन आहेत, एक हिशेबाच्या कॉम्प्युटरांचं आणि एक सगळ्यांच्या मोबाईलचं. ही सोय राऊटरमध्ये आधीपासून होती, वेगळा पैसा लागला नाही. कॉम्प्युटरवर नवीन काही घालायचं तर पासवर्ड माझ्याकडे. रोज संध्याकाळी बॅकअप घेऊन डिस्क काढून कपाटात, कारण लावून ठेवली तर तीही जाते. भिंतीवर मराठीत एक कागद लावलाय की क्लायंटचे कागद ऑफिसबाहेरच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, आपलं बँक खातं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडायचं नाही, आणि राऊटरमध्ये साईटची नावं राहतात, मेसेज दिसत नाहीत. हे शेवटचं वाक्य वाचून पोरांचे चेहरे एकदम सैल झाले. रील्स बघणारा एक पठ्ठ्या अजून आहे, त्याला मी मिनिटं मोजून दाखवत नाही, राहिलेल्या एन्ट्र्यांची यादी समोर ठेवतो. महिन्यातून दोनदा ठेवावी लागते, अजून पूर्ण जमलेलं नाही.

आणि एक राहिलंच. रात्री साडेनऊला 'उद्या त्या हार्डवेअरवाल्याचं बघ' असा मेसेज मी टाकतो तेव्हा तो त्यांच्या मोबाईलवर, त्यांच्या डेटावर आणि त्यांच्या जेवणाच्या वेळेत जातो. आपला गोव्याचा दुकानं-आस्थापनांचा कायदा १९७३ चा, त्यात हा मेसेज कुठे बसवणार. ऑफिस सुटल्यावर फोन न उचलायचा हक्क असावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, ते तिथेच राहिलं. फ्रान्समध्ये असा कायदा १ जानेवारी २०१७ पासून आहे. आमच्या त्या सत्तरीच्या बाईला मात्र कायदा लागत नाही, तिला माझे रात्रीचे मेसेज सकाळी फोंड्याला उतरल्यावरच मिळतात, आणि तिचं काम कधी अडलेलं मला आठवत नाही.

तो डबा अजून आहे, त्यात सध्या रबर स्टॅम्प आणि पिना असतात. पत्र लिहिणाऱ्या वाचकांना हवा असेल तर खुशाल घेऊन जावा, फक्त संध्याकाळी सहाला त्यांनी स्वतःचा मोबाईल त्यात टाकायचा.

आपला,
एक कर सल्लागार, फोंडा