२०० च्या खोक्यात २१५ चे कव्हर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोटारींचे सुटे भाग, ऑनलाइन विक्री विभाग

छत्रपती संभाजीनगर
दि. १४ मे २०२४

विषय : क्लच किटमध्ये चुकीच्या मापाचे कव्हर आल्याबद्दल व ते परत घेण्यास आपण नकार दिल्याबद्दल.

महोदय,

९ एप्रिलला मी आपल्याकडून माझदा एमएक्स-५ या मोटारीचा क्लच किट मागवला. गाडी १९९१ ची, इंजिन १.६ लिटरचे. २१,४०० रुपये आगाऊ भरले आणि १७ तारखेला खोके घरी आले. खोक्यावर आपलेच स्टिकर : '१.६ लिटर, २०० मिमी'. आतली क्लच प्लेट २०० ची निघाली, तिला दाबून धरणारे प्रेशर प्लेटचे कव्हर मात्र १.८ लिटरच्या गाडीचे, २१५ चे. तक्रार एवढीच आहे. पण ११ मे रोजी आपण 'वापरलेला भाग परत घेतला जात नाही' असे कळवलेत, म्हणून पुढचे सगळे लिहिणे भाग पडले.

आधी गाडीविषयी, कारण आपल्या प्रतिनिधीने मला फोनवर विचारले, "सर, गाडी कमर्शियल आहे का?" त्यांचा दोष नाही. आमच्या मराठवाड्यात माझदा म्हटले की स्वराज माझदाचा टेंपोच डोळ्यांपुढे येतो. माझी गाडी दोन माणसांची, कापडी टपाची, दिवे झाकणातून वर येणारी. हे मॉडेल १९८९ साली जगापुढे आले, आपल्याकडे कधी शोरूममध्ये विकले गेले नाही. इंग्लंडहून परतलेल्या एका गृहस्थांनी ती सोबत आणली होती, त्यांच्याकडून २०११ मध्ये मुंबईत मी घेतली. यंदा मार्चमध्ये वेरूळला जाताना दौलताबादच्या घाटात इंजिनाचा आवाज चढत गेला आणि गाडी मात्र जागच्या जागी कण्हत राहिली. क्लच घसरत होता, इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचत नव्हता. संपायचाच होता तो, त्यात कोणाची चूक नाही.

आपल्या पत्रात 'अधिकृत वर्कशॉपमध्ये बसवले नसल्याने वॉरंटी लागू नाही' असेही आहे. या गाडीचे अधिकृत वर्कशॉप जालना, बीड, परभणी, नांदेड, कुठेही असेल तर कळवावे, मी स्वखर्चाने जाऊन दर्शन घेईन. मी वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३१ वर्षे काढली. घरी बारीक मापे घेणारा व्हर्नियर आहे, टॉर्क पाना आहे, आणि रविवारी हाताशी येणारा भाचा आहे.

२१ एप्रिलच्या रविवारी पहाटे पाचला आम्ही काम धरले, कारण दहानंतर अंगणातली फरशी पाठीला चटके देते. गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, घेतली. या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब फ्रेम आहे, ती काढल्याशिवाय गिअरबॉक्स हलतसुद्धा नाही. त्याआधी सायलेन्सरचा पाइप, प्रोपेलर शाफ्ट, स्टार्टर, वरून गिअरचा दांडा. क्लचचा खालचा सिलिंडर पाइपासकट तारेने बाजूला टांगला. गिअरबॉक्सचे वरचे बोल्ट दिसत नाहीत, तीन एक्स्टेंशन जोडून गोटी चाचपत लावावी लागते. एका बोल्टाने दीड तास खाल्ला. शेजारचे डोकावून म्हणाले, "मामा, काय करायलात? टोचन बोलवू का?" संध्याकाळी सहाला गिअरबॉक्स खाली आला, भाच्याच्या डाव्या हाताचे नख काळेनिळे करून.

क्लच ज्यावर बसतो ते इंजिनामागचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, चिकलठाण्याला नेऊन फेस मारून, म्हणजे तोंड सपाट करून, आणले. त्याआधी त्याच्या मध्यातले, गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक पेलणारे पायलट बेअरिंग निघत नव्हते, तेव्हा शिळी भाकरी भिजवून त्या भोकात ठासली आणि बरोबर मापाच्या रॉडवर हातोडी मारली. भाकरीच्या दाबाने बेअरिंग आपसूक बाहेर आले. (आमच्या घरात ज्वारीचा हा उपयोग कोणाला पटलेला नाही.) २८ एप्रिलला नवे बेअरिंग बसवले, फ्लायव्हीलचे बोल्ट ९६ ते १०३ न्यूटन-मीटरच्या मापात आवळले, प्लेट मध्यावर धरली आणि कव्हर वर टेकवले. कव्हर जागेवर धरणाऱ्या फ्लायव्हीलच्या डॉवेल पिना एकीकडे, कव्हराची भोके दुसरीकडे. आडवे पडून दिसत नसेल म्हणून कव्हर बाहेर काढून उजेडात व्हर्नियर लावला. मग कळले.

इथे माझी चूक मान्य करतो. खोके आले त्या दिवशी मी प्लेट मोजली, तिच्या मधल्या भोकातल्या २२ खाचा, म्हणजे स्प्लाइन, मोजल्या, बेअरिंग फिरवून पाहिले. कव्हर मोजले नाही. प्लेट बरोबर निघाली, त्यावरच समाधान मानले. टूलरूममध्ये एखाद्या पोराने असे केले असते तर मी त्याला उभा केला असता. पण महोदय, स्टिकर माझे नव्हते.

आता 'वापरलेला' या शब्दाविषयी. कव्हर सहा बोल्टांनी बसते. त्यातला एकही बोल्ट त्या कव्हराच्या भोकातून फ्लायव्हीलमध्ये गेलेला नाही, कारण तो जाऊच शकत नाही. त्यावर जे काळे डाग आपल्या तपासणी विभागाला फोटोत दिसले ते माझ्या बोटांचे आहेत. ते पुसता आले असते, पण आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येते आणि त्या दिवशी ग्रीस धुण्याचा क्रमांक शेवटचा असतो.

६ मेच्या मेलमध्ये आपण 'भाग बसवून गाडी सुरू करतानाचा व्हिडिओ' मागितलात. बसत नाही हीच तक्रार आहे. गिअरबॉक्स गोणपाटावर अंगणात पडला आहे, हवा तर त्याचा व्हिडिओ पाठवतो. तो फारसा हलणार नाही.

त्यानंतर फोनवर सुचवण्यात आले की १.८ चे फ्लायव्हील आपल्याकडूनच घ्यावे, म्हणजे कव्हर जुळेल. १.८ चे फ्लायव्हील १.६ च्या क्रँकला बसते हे मलाही माहीत आहे. पण मग २१५ च्या कव्हराखाली प्लेटही २१५ ची लागेल, म्हणजे खोक्यात जी एकच वस्तू बरोबर आली तीही टाकून द्यायची. बटण मोठे आले म्हणून सदरा नवा शिवा, असा हा सल्ला झाला. वर पुढच्या खरेदीवर १५ टक्के सवलतीचे कूपन दिलेत. ते मी वापरलेले नाही. ते खरोखरच न वापरलेले आहे.

परत करण्याची दहा दिवसांची मुदत एका दिवसाने उलटली हेही आपण लिहिलेत. ती मुदत मन बदललेल्या ग्राहकासाठी असेल. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा सांगितलेल्या वर्णनाची नसेल तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. त्याच नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायला सांगितले आहे. मी २८ एप्रिलच्या रात्री फोटोसकट तक्रार केली. पहिले उत्तर आले २ मे रोजी, आणि तेही 'आपल्या भावना आम्ही समजतो' एवढेच. भावनांचे माप मी कळवले नव्हते, कव्हराचे कळवले होते.

मला हवे ते असे. २०० मिमीचे योग्य कव्हर आपल्या खर्चाने पाठवावे आणि चुकीचे घरून न्यावे. ते आपल्याकडे नसेल तर पूर्ण किट परत घेऊन २१,४०० रुपये परत करावेत. गेलेल्या दोन रविवारांचे आणि भाच्याच्या नखाचे मी काही मागत नाही. मात्र हे खोके ज्या मालातून निघाले त्यातली बाकीची खोकी उघडून मोजावीत. ज्याच्याकडे व्हर्नियर नाही तो माणूस भोके मोठी करून कव्हर बसवायला जाईल, आणि हजारो फेऱ्यांनी फिरणारे ते कव्हर कधी सुटले तर त्याच्यावरच पाय ठेवून तो बसलेला असेल.

तक्रार करून महिना होईल त्या २८ मेपर्यंत लेखी उत्तर न आल्यास मी इथल्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात अर्ज करीन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि एवढ्या रकमेला तिथे शुल्क नाही. आपल्याला मात्र इथवर यावे लागेल.

बिल, स्टिकरचा फोटो आणि व्हर्नियर लावलेल्या कव्हराचे चार फोटो सोबत जोडले आहेत. कव्हर त्याच खोक्यात भरून ठेवले आहे. न्यायला येणाऱ्या मुलाला सांगावे की फाटकातून आत येताना डाव्या हाताने यावे, उजवीकडे गिअरबॉक्स आहे.

आपला,
एक ग्राहक