भैय्यास, अखाजीनंतर

चि. भैय्या यास अनेक आशीर्वाद.

अखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी तू ताटावरून उठून गेलास. खापरावरची पोळी तशीच राहिली, वाटीतला रस काळा पडला. तुझी आई दोन दिवस माझ्याशी मोजून बोलते आहे. गल्लीसमोर, त्यातून जावईबापूंसमोर, मी तसं ओरडायला नको होतं. चुकलं माझं. पत्र तेवढ्यासाठीच लिहायला घेतलं. छताचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलो आहे.

पण मला सांग, दारच्या निंबाला झोका बांधायला आपण दोघांनी अर्धा तास घालवला की नाही? दोर तीनदा लोंबकळून पाहिला, कारण पोरी बसणार होत्या. आणि तासाभराने तू काकूंची टीव्हीची डिश बघायला त्यांच्या सिमेंटच्या पत्र्यावर चढलास तेव्हा शिडीला साधी सुतळी नव्हती. खाली धरायलाही कुणी नाही. वर म्हणतोस, "आबा, दोन मिनिटांचं काम आहे."

मीसुद्धा दोन मिनिटांसाठीच चढलो होतो. मृग लागायच्या आधी, पत्र्याचा एक हूक ढिला झाला होता, तेवढा नट आवळायचा. पाना खिशात, पायात स्लिपर. शिडीचे पाय शहाबादी फरशीवर, आणि फरशी नुकतीच धुतलेली. उंची किती? ११ फूट. शिडी खालून सरकली आणि मी उभाच्या उभा टाचेवर आलो. तू तेव्हा चौथीत, ओट्यावर पाढे लिहीत होतास. धावत येऊन आधी माझी स्लिपर उचलून आणलीस, आठवतं? तो नट काही आवळला गेला नाही. पावसाळाभर तुझी आई तिथे पातेलं लावायची.

आज तुझं काम चांगलं चाललं आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत घराच्या छतावर सोलर बसवायची ती सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी, तेव्हापासून पारोळ्याचे, शहाद्याचे लोक माझ्याकडे तुझा नंबर मागतात. चहाच्या टपरीवर मी विषय नसताना काढतो, आमचा भैय्या सोलर बसवतो म्हणून. तुझ्यासमोर कधी बोललो नाही, इथे लिहून टाकतो.

मोठ्या कामाला तुम्ही बेल्ट लावता, हेल्मेट घालता, हे मी पाहिलं आहे. मला भीती त्यानंतरची वाटते. काम संपलं, सामान टेम्पोत चढलं, आणि मालक म्हणतो, "भाऊ, ती एक वायर तेवढी सरळ करून द्या." तेव्हा बेल्ट पेटीत असतो आणि शिडी जिथे टेकेल तिथे टेकवली जाते.

शिडी १२ फुटांवर टेकवायची तर तिचे पाय भिंतीपासून ३ फूट बाहेर. वरचं टोक छताच्या कडेपेक्षा ३ फूट तरी उंच, म्हणजे शिडीवरून छतावर पाय टाकताना हाताला धरायला काहीतरी असतं. वरून बांध, आणि बांधून होईपर्यंत खाली पोरगा उभा कर. सिमेंटच्या पत्र्यावर, त्या पांढऱ्या फायबरवर तर मुळीच, थेट पाय ठेवू नको. फळी टाक. आणि बेल्ट लावला म्हणून निर्धास्त होऊ नको. बेल्टची ६ फुटांची दोरी, तिचा झटका झेलणारा पट्टा आणखी साडेतीन फूट उसवतो, वर तुझी स्वतःची उंची. ११ फुटांच्या छतावरून पडलास तर दोरीने पुरतं थांबवायच्या आत जमीन येते. म्हणून दोरी इतकी आखूड ठेव की कडेपर्यंत पोचताच येऊ नये. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला हूक लावतात म्हणे काही पोरं. तू नाही ना लावत?

बघ, परत सुरू झालो. हे सगळं तुला ट्रेनिंगमध्ये माझ्यापेक्षा चांगलं शिकवलेलं आहे. माझं शिक्षण एका टाचेपुरतं.

आता वारा सुटायचे दिवस आले. रावेरकडे केळीच्या बागा आडव्या पाडतो तो वारा हातातल्या सोलर प्लेटला सोडतो होय? पंचवीसेक किलोची प्लेट शिडावानी फिरते. अशा वेळी शिडीवरून प्लेट खांद्यावर नेऊ नको, दोराने ओढून घे. अॅल्युमिनियमची शिडी तारांपासून लांब ठेव. आणि मालक घाई करत असला तर त्याला माझं नाव सांग, म्हण की बाप भांडखोर आहे.

काकूंची डिश मी तशीच ठेवली आहे. त्यांचं टीव्ही बंद आहे, रोज विचारतात. तू आलास की दोघं मिळून बघू. शिडी मी धरतो.

आईने सांजोऱ्या पाठवल्या आहेत, धुळ्याच्या गाडीवाल्याजवळ दिल्या. डबा स्टीलचा आहे, ती विचारेल.

रोज फोन करू नको, तुला आवडत नाही. संध्याकाळी खाली उतरलास की एक मिस कॉल दे. मी उचलणार नाही.

तुझा,
आबा